लिकुड, सिनाई, गाझा : ‘कट्टर पक्षच जमीन सोडू शकतो’ हे कितपत खरं?

घाटवाट (धागाकर्ता)

युद्ध आणि तहाचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं, तह करायचा तर तो कट्टर पक्षानेच करावा, कारण त्याला देशद्रोही कोण म्हणणार. परवा विद्यापीठात एका व्याख्यानानंतर चहाच्या वेळी परत तेच ऐकलं आणि उदाहरणही नेहमीचंच, इस्रायलचे पंतप्रधान मेनाकेम बेगिन आणि त्यांनी इजिप्तला परत दिलेला सिनाई. मला हे वाक्य अर्धवट वाटतं, आणि घातकही वाटतं, कारण ते मान्य केलं की मवाळांनी काही करायलाच नको, कट्टर माणसाला कधी सुचेल त्याची वाट बघत बसायचं.

आधी लिकुडचं, म्हणजे बेगिन यांच्या उजव्या पक्षाचं, म्हणणं काय होतं ते बघू. १९७७ च्या मे महिन्यात हे लोक पहिल्यांदा सत्तेवर आले तेव्हा त्यांच्या जाहीरनाम्यात स्वच्छ लिहिलेलं होतं की समुद्र आणि जॉर्डन नदी यांच्या मध्ये फक्त इस्रायलचंच सार्वभौमत्व राहील. आता नकाशा उघडून बघा, सिनाई या पट्ट्यात येतच नाही. म्हणजे नोव्हेंबर १९७७ मध्ये इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात जेरुसलेमला आले, सप्टेंबर १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिडला तेरा दिवस बोलणी झाली, २६ मार्च १९७९ ला करार झाला आणि सिनाई परत गेला, हे सगळं होऊनही पक्षाच्या मूळ नकाशाला धक्का लागला नाही. वेस्ट बँकेसाठी, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेच्या पॅलेस्टिनी भागासाठी, बेगिननी फक्त ‘स्वायत्तता’ दिली, ती पण माणसांना, जमिनीला नाही, असा त्यांचाच आग्रह होता. आणि सिनाई पूर्ण रिकामा व्हायच्या चारच महिने आधी, डिसेंबर १९८१ मध्ये, याच बेगिननी सीरियाकडून घेतलेल्या गोलन टेकड्यांना इस्रायली कायदा लागू करून टाकला.

दुसरी गोष्ट मतांची. कॅम्प डेव्हिडचा मसुदा क्नेसेटमध्ये, म्हणजे इस्रायलच्या संसदेत, आला तेव्हा ८४ बाजूने, १९ विरोधात आणि १७ तटस्थ. मजूर पक्ष विरोधी बाकांवर होता तरी त्याने कराराच्या बाजूने भरभरून मतं दिली, आणि विरोध करणारे आणि तटस्थ राहणारे यांच्यात बेगिन यांच्याच गोटातले बरेच निघाले. मोशे अॅरेन्स विरोधात, एहुद ओल्मर्ट विरोधात, यित्झाक शामीर तटस्थ. पुढे पक्षाची सूत्रं कोणाकडे गेली? बेगिननंतर पंतप्रधान झाले शामीर. संरक्षणमंत्री झाले अॅरेन्स. म्हणजे करार केला एका माणसाने, आणि पक्ष मिळाला ज्यांना तो करार मान्य नव्हता त्यांना.

तर माझा प्रश्न असा आहे की स्वतःच्या मूळ नकाशाच्या आतली जमीन एखाद्या कट्टर पक्षाने वाटाघाटीत दिली, आणि पक्ष म्हणून ते पचवलं, असं कुठे घडलंय का?

सदाशिवपेठी

धागा चांगला आहे पण सिनाईची किंमत तुम्ही फार कमी लावताय. नकाशाच्या बाहेरची जमीन म्हणजे फुकटची जमीन असं नसतं. साठ हजार चौरस किलोमीटर म्हणजे मूळ इस्रायलच्या जवळजवळ तिप्पट प्रदेश. तिथे तेल होतं, हवाईदलाचे तळ होते, शत्रूचं सैन्य आणि आपली गावं यांच्यामध्ये दोनशे किलोमीटर वाळवंटाची जागा होती. १९७३ च्या युद्धात अडीच हजारांच्या वर सैनिक गमावलेल्या देशाला ही जागा सोडा म्हणणं काय असतं याचा विचार करा. तळांच्या बदली अमेरिकेने नेगेवमध्ये नवीन तळ बांधून दिले हे खरंय, पण मधलं अंतर गेलं ते गेलंच.

आणि वस्त्या. बेगिन कॅम्प डेव्हिडला गेले तेव्हा सिनाईतल्या ज्यू वस्त्या उठवणार नाही असंच म्हणत होते. निवृत्त झाल्यावर आपण स्वतः तिथल्या नेओत सिनाईला राहायला जाणार असंही त्यांनी जाहीर केलेलं होतं. मग बोलणी तिथेच अडकल्यावर बेगिन यांचेच मंत्री एरियल शॅरॉन यांनी फोन करून सांगितलं की वस्त्या काढायला लष्करी दृष्टीने माझी हरकत नाही. ज्या माणसाने वस्त्या वसवायचा धडाका लावला होता तोच हे सांगतोय. नंतर १९८२ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून यामीत हे गाव पाडून टाकण्याचं काम पण त्याच माणसाकडे आलं, लोक छपरांवर चढून बसले होते, सैनिकांनी उचलून खाली आणले. याला त्याग म्हणायचा नाही तर कशाला म्हणायचं?

त्या बदल्यात मिळालं काय तर सगळ्यात मोठं अरब सैन्य कायमचं लढाईतून बाहेर. १९७९ पासून आजपर्यंत इजिप्त आणि इस्रायल यांच्यात युद्ध नाही. सादातना ऑक्टोबर १९८१ मध्ये भर संचलनात गोळ्या घातल्या तरी करार टिकला.

कॅम्पातली

मला थोडं वेगळं सांगायचंय. आमच्या आईचं लहानपण रास्ता पेठेत गेलं, बेने इस्रायलींच्या, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंच्या, सिनेगॉगपासून चार पावलांवर, आणि तिच्या वर्गातल्या मैत्रिणी एकेक करून तिकडे गेल्या. दिमोना, अश्दोद, बीरशेबा ही नावं आमच्या घरात लहानपणापासून ऐकलीत, तिकडून मराठीत पत्रं यायची. त्यामुळे लिकुड म्हणलं की माझ्या डोळ्यासमोर जाहीरनामा येत नाही, ही वाळवंटाच्या कडेची कामगारांची गावं येतात.

१९७७ मध्ये लिकुडला निवडून दिलं ते मुख्यतः अशा गावांनी, मोरोक्को, इराक, येमेनहून आलेल्या मिझराही ज्यूंनी. त्यांच्या मनात नदीपर्यंतचा नकाशा पहिला होता का? मला नाही वाटत. तीस वर्षं मजूर पक्षवाल्यांनी आपल्याला खालचं धरलं, तंबूत आणि पत्र्याच्या घरात ठेवलं, चांगल्या नोकऱ्या युरोपातनं आलेल्यांना दिल्या, याचा राग होता. बेने इस्रायलींनाही हा अनुभव आहेच, १९६० च्या दशकात त्यांच्या लग्नांच्या वेळी धर्मपीठाने तुमच्या ज्यूपणाची चौकशी करू म्हणून फतवा काढला तेव्हा लोकांनी जेरुसलेममध्ये ठाण मांडलं, १९६४ मध्ये सरकारला सांगावं लागलं की हे सर्व बाबतीत पूर्ण ज्यू आहेत.

माझं म्हणणं एवढंच की पक्षाची जमिनीबद्दलची भूमिका आणि त्याच्या मतदाराची भूमिका एक नसते. मतदाराला मान हवा होता, पोरांना नोकरी हवी होती, सीमेवर शांतता हवी होती. त्यामुळे बेगिननी सिनाई दिला तरी हा मतदार हलला नाही, १९८१ मध्ये परत त्यांनाच निवडून दिलं. हलले ते कार्यकर्ते. गेऊला कोहेन बाहेर पडल्या आणि तेहिया नावाचा वेगळा पक्ष काढला.

पर्वतीपायथा

मी फौजेत होतो, निवृत्त होऊन आता बरीच वर्षं पुण्यात आहे, म्हणून आपल्या बाजूचं सांगतो, कारण हा प्रश्न काही एकट्या इस्रायलचा नाही.

१९६५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या जवानांनी हाजी पीर घेतलं. उरी आणि पूंछ यांना सरळ जोडणारी खिंड आहे ती, घुसखोरीची वाट तिथून जाते. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला ती परत द्यायचं ठरलं. महावीर त्यागी यांनी त्यावरून मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, जनसंघाने कडाडून विरोध केला. फौजी म्हणून मला आजही ते दुखतं. पण बाजूला हेही आहे की जम्मूतल्या छांबमध्ये पाकिस्तान आपल्या हद्दीत बसलेलं होतं आणि ते त्याला सोडावं लागलं. नुसतं आपण काय दिलं तेवढंच मोजलं तर हिशोब पुरा होत नाही.

मग कच्छ. १९ फेब्रुवारी १९६८ ला लवादाचा निकाल आला, वादातल्या रणाचा साधारण नव्वद टक्के भाग आपल्याला आणि दहा टक्के पाकिस्तानला, त्यात कांजरकोट आणि छाड बेट गेलं. जनसंघाने आणि समाजवाद्यांनी सत्याग्रह केले. आपले मधू लिमये, जन्म पुण्याचा, ते थेट सुप्रीम कोर्टात गेले की देशाची जमीन घटनादुरुस्तीशिवाय देता येत नाही. कोर्टाने १९६९ मध्ये सांगितलं की ही जमीन देणं नव्हे, आधीपासून वादात असलेली सीमा ठरवणं आहे, घटनादुरुस्ती लागत नाही. बंगालमधल्या बेरूबारीचा भाग पाकिस्तानला द्यायच्या वेळी, १९६० मध्ये, याच कोर्टाने उलट सांगितलं होतं, तिथे घटनादुरुस्ती लागली. हा फरक कार्यकर्त्याने समजून घ्यावा असा आहे, कारण रस्त्यावर दोन्हीला एकच घोषणा असते.

आता घाटवाट यांच्या प्रश्नाला उत्तर देणारं आपल्याकडचं उदाहरण देतो. बांगलादेशबरोबरचा सीमा करार मूळ १९७४ चा, इंदिराजी आणि मुजीब यांचा. तो अमलात आणायला डिसेंबर २०१३ मध्ये मनमोहन सिंग सरकारने राज्यसभेत घटनादुरुस्तीचं विधेयक आणलं तेव्हा भाजप विरोधात, आसाम गण परिषद विरोधात, तृणमूल विरोधात. मे २०१५ मध्ये तेच विधेयक मोदी सरकारने आणलं आणि दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर. दुसऱ्या देशाच्या हद्दीत अडकलेले जमिनीचे तुकडे होते हे, त्यातल्या १११ भारतीय वस्त्या तिकडे गेल्या, साधारण १७ हजार एकर, आणि ५१ इकडे आल्या, साधारण ७ हजार एकर. कागदावर दहा हजार एकर जास्त गेलं. कुठे दंगा झाला? नाही झाला, कारण त्या वस्त्यांवर आपला अंमल कधी नव्हताच, तिथल्या माणसांना चाळीस वर्षं शाळा नाही, वीज नाही, मतदान नाही.

सदाशिवपेठी

पर्वतीपायथा काका, हे उदाहरण तर माझ्याच बाजूचं झालं ना? २०१३ मध्ये काँग्रेसला जे जमलं नाही ते २०१५ मध्ये भाजपला जमलं. म्हणजे कट्टर पक्षच करू शकतो हे सिद्ध झालं.

पर्वतीपायथा

नाही, उलटं वाचा. २०१५ मध्ये काँग्रेसने विरोध केला असता तर दोन-तृतीयांश मतं राज्यसभेत कुठून आली असती? भाजप राज्यसभेत अल्पमतात होता. काँग्रेसने २०१३ चा राग धरून ‘आता तुम्ही पण विकताय का’ म्हणून आरडाओरडा केला नाही, मुकाट्याने मतं दिली. १९७८ मध्ये शिमॉन पेरेस यांच्या मजूर पक्षाने हेच केलं. कौतुक करायचं तर त्या विरोधी बाकांचं आधी करा, त्यांना त्याचं एक मत जास्त मिळालं नाही.

नदीकाठ

काका, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी नमस्कार. हा मुद्दा गाझाला लावून बघितला की चित्र अजून स्पष्ट होतं, म्हणून सविस्तर लिहितोय, लांब झालं तर सांभाळून घ्या.

२००३ च्या निवडणुकीत शॅरॉन लिकुडला ३८ जागा घेऊन आले. विरोधी मजूर पक्षाने प्रचारात म्हणलं होतं गाझातनं बाहेर पडा, शॅरॉननी त्याला नकार देऊन निवडणूक जिंकली, आणि वर्ष संपायच्या आत स्वतःच बाहेर पडायची योजना मांडली. गाझा हा बरोबर त्या मूळ नकाशाच्या आतला तुकडा. मग त्यांनी पक्षाच्या सभासदांचं मत घेतलं, २ मे २००४ ला, आणि साठ टक्क्यांच्या आसपास सभासदांनी नाही म्हणून सांगितलं. शॅरॉन तरीही पुढे गेले. २६ ऑक्टोबर २००४ ला क्नेसेटमध्ये ६७ विरुद्ध ४५, परत मजूर पक्षाच्या मतांवर, कारण लिकुडचे जवळपास अर्धे खासदार विरोधात उभे होते. नेतान्याहूंनी तेव्हा बाजूने मत दिलं आणि ऑगस्ट २००५ मध्ये वस्त्या प्रत्यक्ष उठवायच्या आठवडाभर आधी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. गाझातल्या २१ आणि वेस्ट बँकेच्या उत्तरेकडच्या ४ वस्त्या उठल्या. नोव्हेंबरमध्ये शॅरॉननी पक्षच सोडला, कादिमा नावाचा नवा पक्ष काढला. मार्च २००६ च्या निवडणुकीत कादिमाला २९ आणि लिकुडला १२.

म्हणजे घाटवाट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिकुडपुरतं तरी ‘नाही’ असं आहे. नकाशाच्या आतली जमीन सोडली तेव्हा पक्ष फुटला, सोडणारे बाहेर गेले. १९७८ मध्ये विरोधात मत देणारे ओल्मर्ट पण याच वाटेने कादिमात गेले आणि २००८ मध्ये पंतप्रधान म्हणून त्यांनी पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास यांच्यासमोर वेस्ट बँकेचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग देण्याचा प्रस्ताव ठेवला. माणूस बदलू शकतो, पण त्याला बदलायला पक्षाच्या बाहेर यावं लागलं.

सदाशिवपेठी

आणि गाझा सोडून मिळालं काय? जानेवारी २००६ मध्ये हमास निवडणूक जिंकली, जून २००७ मध्ये गाझा बंदुकीच्या जोरावर ताब्यात घेतला, रॉकेटं सुरू, आणि शेवट ७ ऑक्टोबर २०२३. लिकुडचा सामान्य मतदार म्हणतो बघा, सोडली की काय होतं ते बघा. याला उत्तर द्या. मला खरंच उत्तर हवंय, वादासाठी विचारत नाहीये.

नदीकाठ

उत्तर आहे. गाझा वाटाघाटीत सोडलाच नव्हता. सिनाईच्या बदल्यात इजिप्तची सही होती, सैन्य किती ठेवायचं याचे पट्टे आखलेले होते, १९८२ पासून बहुराष्ट्रीय निरीक्षक दल तिथे आहे. गाझाच्या बदल्यात कोणाची सही होती? शॅरॉननी ठरवून एकतर्फी केलं, अब्बास नुकतेच निवडून आलेले होते, त्यांच्याशी करार करून त्यांच्या हातात काहीतरी द्यायची संधी होती, ती दिली नाही. त्यामुळे हमासला म्हणता आलं की हे बोलण्याने मिळालं नाही, आमच्या बंदुकीने मिळालं. हमासने जे केलं त्याचा दोष हमासचाच, ७ ऑक्टोबरला गावागावांत शिरून माणसं मारली त्याला कुठलंही कारण पुरत नाही. पण ‘जमीन सोडल्याचा परिणाम’ म्हणून हे उदाहरण दिलं जातं तेव्हा त्यात करार नव्हता हे सांगायचं राहून जातं.

मुळामुठा

सगळे प्रतिसाद वाचले, खूप शिकायला मिळालं, पण एक गोष्ट फार खटकतेय म्हणून लिहिते. तुम्ही सगळे ‘जमीन सोडली’, ‘जमीन दिली’ असं लिहिताय जणू ती त्या पक्षाच्या तिजोरीत होती. वेस्ट बँकेत आणि गाझात लाखो माणसं पिढ्यानपिढ्या राहतायत, त्यांच्या विहिरी आहेत, ऑलिव्हची झाडं आहेत, जाहीरनामा १९७७ चा असो की कुठलाही, त्यांना कोणी विचारलं?

कॅम्प डेव्हिडच्या कागदात वेस्ट बँक आणि गाझासाठी पाच वर्षांची स्वायत्ततेची चौकट होती आणि त्यानंतर अंतिम निर्णय. ते काही घडलंच नाही. वस्त्या थांबवण्याबद्दल अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर म्हणत राहिले की पाच वर्षं ठरलं होतं, बेगिन म्हणाले तीन महिने, आणि तीन महिने झाल्यावर काम परत सुरू. सत्तरच्या दशकाच्या शेवटी वेस्ट बँकेत काही हजार वस्तीवाले होते, आज पूर्व जेरुसलेम सोडून पाच लाखांच्या आसपास आहेत. म्हणजे सिनाईचा करार हा इजिप्तसाठी शांतता होता आणि पॅलेस्टिनींसाठी त्यांच्या बाजूचं सगळ्यात मोठं राष्ट्र निघून गेल्याचा दिवस होता. आणि ऑक्टोबर २०२३ नंतर गाझात जे झालंय, अख्खी शहरं जमीनदोस्त, हजारो मुलं गेली, ते बघून मला रात्री झोप लागत नाही. ज्या चर्चेत त्यांचं म्हणणं एका प्रतिसादातसुद्धा नाही तिला तहाची चर्चा म्हणायला माझा जीव होत नाही.

कॅम्पातली

मुळामुठा, तू हे लिहिलंस ते फार बरं केलंस. माझी तिकडे माणसं आहेत आणि त्यांच्या घरात सायरन वाजतो तेव्हा मी इकडे फोन धरून बसते, तरीही तू लिहिलेलं प्रत्येक वाक्य मला मान्य आहे. दोन्ही गोष्टी एका मनात ठेवता येतात, अवघड जातं एवढंच.

घाटवाट (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. मुळामुठा ताई, तुमचा आक्षेप माझ्या मूळ प्रश्नालाच आहे आणि तो योग्य आहे, पक्षाच्या आतलं राजकारण बघताना मी जमिनीवरच्या माणसाकडे बघितलं नाही असं वाचणाऱ्याला वाटणारच. त्याच धाग्याने शेवटचा भाग लिहितो, कारण लिकुडची आजची भूमिका समजून घ्यायला तो लागतो.

नेतान्याहू. जानेवारी १९९७ मध्ये याच माणसाने हेब्रॉन शहराचा ऐंशी टक्के भाग पॅलेस्टिनी प्रशासनाकडे दिला, बेगिन यांचा मुलगा बेनी बेगिन त्यावरून मंत्रिमंडळातून बाहेर पडला. ऑक्टोबर १९९८ मध्ये वाय नदीचा करार, वेस्ट बँकेचा आणखी १३ टक्के. त्यावरून उजव्यांनीच सरकार पाडलं आणि १९९९ मध्ये नेतान्याहू मजूर पक्षाच्या एहुद बराक यांच्याकडून हरले. मला वाटतं तो धडा त्यांनी आयुष्यभर लक्षात ठेवला. जून २००९ मध्ये बार-इलान विद्यापीठात त्यांनी निःशस्त्र पॅलेस्टिनी राज्याला तत्त्वतः हो म्हणलं, पण पक्षाने ते कधीच आपल्या जाहीरनाम्यात घेतलं नाही, आणि जुलै २०२४ मध्ये क्नेसेटने पॅलेस्टिनी राज्याच्या विरोधात ठराव केला, ६८ विरुद्ध ९.

आता एक कायदा बघा ज्याच्याकडे आपल्याकडे फारसं लक्ष जात नाही. २०१४ मध्ये इस्रायलने मूलभूत कायदा केला की इस्रायली कायदा लागू असलेली जमीन सोडायची तर क्नेसेटच्या १२० पैकी ८० जणांचं मत लागेल, नाहीतर सार्वमत. पूर्व जेरुसलेम आणि गोलन यांना हे कुलूप लागलं. वेस्ट बँकेला नाही, कारण तिथे इस्रायलने अधिकृतपणे आपला कायदा कधी लागूच केलेला नाही, ती लष्करी अंमलाखाली आहे. म्हणून तर उजवे लोक वेस्ट बँक विलीन करा म्हणून इतके मागे लागलेत. विलीन केली की पुढचा कुठलाही पंतप्रधान, अगदी दुसरा शॅरॉन आला तरी, साध्या बहुमताने ती परत देऊ शकणार नाही. २००४ मध्ये ६७ मतांवर गाझा सुटला होता हे आठवा, ८० लागली असती तर सार्वमताशिवाय सुटला नसता.

आणि २०२० मध्ये काय झालं, नेतान्याहूंनी वेस्ट बँकेचा मोठा भाग विलीन करायची घोषणा केली, मग ऑगस्टमध्ये अमिरातीने संबंध जोडायचं कबूल केल्यावर ती स्थगित ठेवली. पक्ष १९७९ मध्ये खरी जमीन देऊन सही मिळवत होता, आता घ्यायची धमकी मागे घेऊन सही मिळवतो. सदाशिवपेठी, तुम्ही म्हणालात ना कट्टर पक्षच करू शकतो, तर सध्या तो एवढंच देतोय, आणि ज्यांची जमीन आहे ते त्या टेबलावर नव्हतेच.

पर्वतीपायथा काका, कच्छच्या निकालावर आणि लिमयेंच्या त्या केसवर तुम्ही वेगळा धागा काढाच, बेरूबारी आणि कच्छ यातला कोर्टाने केलेला फरक नीट उलगडून लिहिला तर बऱ्याच जणांना उपयोगी पडेल.

पर्वतीपायथा

काढतो. निकालपत्र मोठं आहे, परत एकदा पूर्ण वाचून मगच लिहीन. हाजी पीरचं पण त्यातच घेतो.